प्रश्न एक, दारं अनेक: तुकड्यातुकड्यांच्या सभागृहाशी उद्योगांनी कसं बोलायचं?

समजा, नवी मुंबईत रबाळ्याला चाळीस कामगारांचा पावडर कोटिंगचा कारखाना आहे. मालकाच्या टेबलावर आज पाच कागद पडलेत. एमआयडीसीच्या सेवाशुल्काचं बिल, महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची मुदत संपत आल्याचा कागद, महावितरणचं फुगलेलं बिल आणि कामाच्या तासांबद्दलच्या नव्या नियमाचं वर्तमानपत्रातलं कात्रण.

आता डिसेंबर २०२४ मध्ये राज्यात सरकार बसलं तेव्हाचं खातेवाटप या कागदांशेजारी ठेवून पाहा. उद्योग आणि नगरविकास शिवसेनेकडे. पर्यावरण, ऊर्जा आणि कामगार भाजपकडे. पैशाचा विषय निघाला की अर्थ खातं, ते राष्ट्रवादीकडे. एका गाळ्यातल्या अडचणी सोडवायच्या तर तीन पक्षांच्या मंत्र्यांकडे जावं लागतं. मालक मात्र निर्धास्त असतो: "आपली साहेबांशी ओळख आहे."

ही एक ओळख का पुरत नाही आणि तिच्या जागी काय लागतं, एवढंच या लेखात पाहायचं आहे.

## तुकड्यांचं सभागृह म्हणजे नेमकं काय?

विधानसभेत २८८ जागा, बहुमताला १४५ लागतात. १९८५ मध्ये काँग्रेसला १६१ मिळाल्या होत्या. त्यानंतर एकाही पक्षाने एकट्याच्या बळावर १४५ चा आकडा गाठलेला नाही. २०१९ मध्ये भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ अशी वाटणी झाली. पुढे जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि चार मोठ्या पक्षांचे सहा झाले. २०२४ च्या निकालात भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७, अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. समोर ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार यांची राष्ट्रवादी १०.

कुणी म्हणेल, तिघांची बेरीज २३० होते, मग सभागृह तुकड्यांचं कसं? सरकार पडण्याच्या दृष्टीने नाहीच. पण घोडबंदर रोडवरची सात टॉवरची सोसायटी आठवा. कार्यकारिणी बिनविरोध निवडून आलेली असते. तरी पार्किंगचा विषय निघाला की अ विंगचे सचिव, क विंगचे खजिनदार आणि अध्यक्ष यांची तीन मतं होतात. चेक फाडायला दोन सह्या लागतात आणि तिथेच काम अडतं. राज्यातही आज फूट सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात जेवढी आहे, त्याहून उद्योगांच्या कामाची फूट सत्ताधाऱ्यांच्या आतच आहे. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. आपल्याकडे ती मर्यादा मुख्यमंत्र्यांसह ४३ होते. एवढ्या खुर्च्या तीन पक्षांत वाटायच्या म्हटल्यावर खात्यांच्या हद्दीवर डोळ्यांत तेल घालून पहारा असतो.

ठाणे आणि नवी मुंबईचा नकाशा पाहिला तरी तेच. कोपरी-पाचपाखाडी आणि ओवळा-माजिवडा शिंदे यांच्या शिवसेनेकडे, ठाणे शहर भाजपकडे, मुंब्रा-कळवा शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे, ऐरोली आणि बेलापूर भाजपकडे. सहा मतदारसंघ, तीन पक्ष. टीटीसीचा, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा ऐरोली आणि बेलापूर अशा दोन मतदारसंघांत पसरलाय. त्यामुळे "आपले आमदार" हा शब्द इथे एकवचनी वापरून चालत नाही.

## आधी दार ओळखा

निम्मी निवेदनं चुकीच्या दारात जातात. विजेचं उदाहरण घ्या. बिल हातात घेऊन कारखानदार आमदाराकडे जातो आणि "दर कमी करा" म्हणतो. दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. महावितरण प्रस्ताव ठेवते, आयोग सूचना-हरकती मागवतो, सुनावणी घेतो. तिथे मुदतीत लेखी हरकत घेतली नसेल तर नंतर मोर्चा काढून फारसं हाती लागत नाही. पण त्याच बिलावर 'वीज शुल्क' आणि 'वीज विक्री कर' अशा वेगळ्या ओळी असतात. त्या मात्र राज्याच्या कायद्याने लागतात. तिथे विधिमंडळ आणि अर्थ व ऊर्जा खातं हेच खरं दार. एका कागदावर तीन ओळी आणि दोन वेगळी दारं.

व्यवसाय कर राज्याचा आहे, पण त्याची वर्षाची २,५०० रुपयांची कमाल मर्यादा राज्यघटनेत लिहिलेली आहे. ती राज्याला वाढवता येत नाही. जीएसटीचा दर आमदाराच्या हातात नाही. तो जीएसटी परिषदेत ठरतो, जिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. आमदाराकडून मागायचंच तर एवढं मागा: परिषदेत बसणाऱ्या आपल्या राज्याच्या मंत्र्यापर्यंत आमचा मुद्दा आकड्यांसह पोचवा.

कामगार कायदे तर केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापना कायदा लागू होण्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेण्याचा आणि रोजचे तास ९ चे १० करण्याचा निर्णय घेतला. वर्तमानपत्रात मथळा आला की दुसऱ्या दिवशी पाळी बदलण्याची घाई अनेकांना होते. मंत्रिमंडळाची मान्यता म्हणजे कायदा नव्हे. त्यानंतर अध्यादेश किंवा विधेयक, दोन्ही सभागृहं, राज्यपालांची सही, आणि केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल तर राष्ट्रपतींची संमती. मग राजपत्रात प्रसिद्धी. राजपत्रात आल्याशिवाय नोटीस बोर्डावर काही लावू नका. आणि जे मागायचं आहे ते या साखळीच्या सुरुवातीला मागा. छापलेलं विधेयक बदलून घेणं म्हणजे चालती लोकल थांबवण्यासारखं.

## मत पक्षाचं, तोंड आमदाराचं

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला. पक्षाने व्हिप, म्हणजे मतदानाचा बंधनकारक आदेश काढला की आमदाराला त्याविरुद्ध मत देता येत नाही. दिलं तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे "या विधेयकाविरुद्ध मत द्या" ही विनंती करणं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणं. पण बोलण्यावर, प्रश्न विचारण्यावर, दुरुस्ती सुचवण्यावर तशी कुऱ्हाड नाही. सत्ताधारी पक्षाचा आमदारही आपल्याच मंत्र्याला धारेवर धरतो, आणि मित्रपक्षाच्या मंत्र्याला तर जरा जास्तच मोकळेपणाने. तुकड्यांच्या सभागृहाचा उद्योगांना असलेला हा खरा फायदा आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात.

ज्या साधनांनी आमदार सरकारला बोलतं करतो त्यांना सभागृहाच्या भाषेत 'आयुधं' म्हणतात. त्यातली तीन-चार पुरेत. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. ताज्या आणि तातडीच्या विषयाला लक्षवेधी सूचना. उद्योगांच्या प्रश्नांना बहुतेकदा हीच लागू पडते, कारण मंत्र्याला खात्याकडून टिपणी मागवून निवेदन करावं लागतं आणि त्या निमित्ताने कपाटातली फाईल टेबलावर येते. खर्चाच्या बाबतीत पुरवणी मागण्यांवरची, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्यांवरची चर्चा.

प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्यावे लागतात. अधिवेशनं तीन: फेब्रुवारी-मार्चच्या आसपासचं अर्थसंकल्पीय, जून-जुलैचं पावसाळी आणि डिसेंबरचं नागपूरचं हिवाळी. कराची मागणी असेल तर ती नोव्हेंबर-डिसेंबरात अर्थ खात्याकडे पोचलेली हवी. मार्चमध्ये अर्थसंकल्प वाचला जात असताना ती घेऊन विधान भवनाच्या पायऱ्यांवर उभं राहण्यात फक्त फोटो मिळतो. अधिवेशनाच्या दिवसांत आमदाराला गाठायचा हट्टही नको. त्याच्या मतदारसंघातल्या कार्यालयात, अधिवेशनाच्या महिनाभर आधी, सकाळच्या वेळी गेलात तर दहा मिनिटं नीट मिळतात.

विधान परिषदेकडे सहसा कुणी फिरकत नाही. ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपालनियुक्त. ठाणे जिल्हा कोकण पदवीधर मतदारसंघात येतो. परिषदेला साधं विधेयक कायमचं अडवता येत नाही, पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना एवढंच रोखता येतं. अर्थविषयक धन विधेयक तर १४ दिवसांत परत करावं लागतं. पण प्रश्न आणि लक्षवेधी तिथेही असतात, मंत्री तिथेही उत्तर देतात, आणि सदस्य कमी असल्याने विषयाला वेळ बरा मिळतो.

एखादं विधेयक वादग्रस्त ठरलं तर ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक असंच डिसेंबर २०२४ मध्ये समितीकडे गेलं. लोकांकडून १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि जुलै २०२५ मध्ये बदलांसह ते मंजूर झालं. विषय उद्योगाचा नव्हता, पण रस्ता तोच असतो. समितीत सगळ्या पक्षांचे सदस्य असतात, जाहीर सूचना निघते, मुदत दिलेली असते. ती मुदत चुकवणाऱ्यांत उद्योजकांचा नंबर बराच वरचा लागेल.

## एलबीटीने शिकवलेला हिशेब

तुकड्यांच्या राजकारणात व्यापाऱ्यांची मागणी कशी पुढे सरकते, याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे स्थानिक संस्था कर, एलबीटी. जकात काढून २०१३ मध्ये तो ठाण्यासारख्या मोठ्या महापालिकांत आणला. तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. सत्तेतल्या दोन पक्षांचे सूर जुळत नव्हते, विरोधकांनी कर रद्द करण्याचं आश्वासन दिलं, २०१४ मध्ये सरकार बदललं. तरीही कर लगेच गेला नाही. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना सूट मिळाली, आणि त्यावरच्यांची सुटका जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावरच झाली.

मधला वेळ कुठे गेला? "हा कर नको" यावर बहुतेक पक्ष आले होते. "मग महापालिकेचे पगार कशातून?" याचं उत्तर कुणाकडे तयार नव्हतं. राज्याने महापालिकांना भरपाई द्यायचं ठरवल्यावरच सूट निघाली. दिल्लीतही जीएसटीची घटनादुरुस्ती मे २०१५ मध्ये लोकसभेत मंजूर झाली, पण राज्यसभेत सरकारकडे संख्या नव्हती. ऑगस्ट २०१६ मध्ये ती मंजूर झाली तेव्हा उत्पादक राज्यांसाठी ठेवलेला एक टक्का जादा कर सोडून द्यावा लागला होता. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

म्हणून निवेदनात "काय नको" याच्या खालीच "तिजोरीला किती खड्डा पडेल आणि तो कसा भरेल" हे लिहा. आकडा मोठा निघाला तर मागणी लहान करा: सरसकट ऐवजी लघुउद्योगांपुरती, कायमच्या ऐवजी दोन वर्षांसाठी. ५० कोटींची रेष तशीच आली होती.

## निवेदन: एक पान, एक मागणी

इथेच सगळ्यात जास्त माती होते, म्हणून जरा थांबून पाहू.

पहिल्या दोन ओळींत मागणी. "मा. साहेबांच्या कुशल नेतृत्वाखाली" वगैरे तिसऱ्या परिच्छेदातही नको, कारण हाच कागद उद्या दुसऱ्या पक्षाच्या टेबलावर जायचा आहे. मग कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, कोणता नियम किंवा कोणत्या तारखेचा शासन निर्णय बदलायचा, त्याचा क्रमांक. मग आजचा मजकूर आणि त्याशेजारी हवा तो मजकूर, शब्दशः. कक्ष अधिकाऱ्याला तयार वाक्य मिळालं तर तो ते टिपणीत उचलतो. नाही मिळालं तर तो "मागणी धोरणात्मक स्वरूपाची आहे" असं लिहून मोकळा होतो. शेवटी किती कारखाने, किती कामगार, किती रुपये. जोडपत्रं वेगळी लावा.

मराठीत लिहा. मंत्रालयात टिपणी मराठीत चालते. इंग्रजी निवेदनाचा सारांश कुणीतरी स्वतःच्या समजुतीने मराठीत करतो, आणि पुढे फिरतो तो त्याचा सारांश.

पाच मागण्या एका कागदावर घातल्या की तो कागद पाच खात्यांत फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. रबाळ्याच्या त्या मालकाने पाच कागदांसाठी पाच निवेदनं करावीत. सेवाशुल्क आणि मालमत्ता कर यांचं दुहेरी ओझं ही टीटीसीतली जुनी तक्रार. पण तीही एमआयडीसीच्या बाजूने उद्योग खात्याला आणि महापालिकेच्या बाजूने नगरविकासला वेगवेगळी लिहावी लागते, दोन्हीत दुसऱ्याचा संदर्भ देऊन.

द्यायचा क्रम खालून वर. आधी खात्यातल्या संबंधित अधिकाऱ्याला दाखवून मागणी त्याच खात्याची आहे ना, हे विचारा. मग खात्याचा मंत्री. त्याच आठवड्यात सत्तेतल्या उरलेल्या दोन पक्षांचे स्थानिक आमदार आणि विरोधी आमदार. कागद तोच, तारीख तीच, खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून सगळ्यांची नावं. लपवाछपवी राहत नाही.

आता शेऱ्याबद्दल. मंत्री निवेदनावर "तपासून सादर करावे" असा शेरा मारतात आणि लोक पेढे वाटतात. त्याचा अर्थ एवढाच की खात्याने पाहून परत पाठवावं. "नियमानुसार कार्यवाही करावी" याचा अर्थ बऱ्याचदा "आहे तसंच चालू द्या" असा निघतो. निर्णय म्हणजे शासन निर्णय, अधिसूचना किंवा मंजूर टिपणी. शेरा मिळाल्यावर त्याच दिवशी कागद आवक नोंदवहीत चढवून क्रमांक घ्या आणि पंधरा दिवसांनी तो क्रमांक सांगूनच चौकशी करा. फाईल कुठे अडलीय हे कुणी सांगेनासं झालं तर माहितीचा अधिकार आहे, ३० दिवसांची मुदत आहे.

## "विरोधकांना भेटलो तर सत्ताधारी रागावतील ना?"

ही भीती खरी आहे, आणि ती भेटण्यामुळे नसते, चोरून भेटण्यामुळे असते. ठाण्यातल्या दहीहंडीला गोविंदा पथकं काय करतात? टेंभी नाका, वर्तकनगर, नौपाडा, जिथे जिथे हंडी बांधलेली असते तिथे सलामी देतात. हंड्या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांच्या. थर सगळीकडे तेच, पथकाचं नावही तेच. कुणी म्हणत नाही, तू तिकडे का गेलास. पथकाने एका चौकात दुसऱ्या नेत्याला नावं ठेवली तर मात्र पुढच्या वर्षी तिथे बोलावणं येणार नाही.

एकाच घरात सगळी पुंजी ठेवली तर काय होतं, हे नवी मुंबईने पाहिलंय. २०१५ मध्ये महापालिकेत १११ पैकी ५२ जागा राष्ट्रवादीला मिळाल्या, बहुमताला चार कमी. २०१९ मध्ये त्यातले बहुतेक नगरसेवक तिथले नेते गणेश नाईक यांच्याबरोबर भाजपमध्ये गेले. मे २०२० पासून तर सभागृहच नव्हतं, प्रशासक होता. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत नगरसेवकांच्या ओळखीचा उपयोग शून्य होता आणि आवक क्रमांक असलेला कागद मात्र आयुक्तांच्या कार्यालयात शिल्लक होता.

महापालिकेबद्दल एवढंच लक्षात ठेवा: खर्चाचे बरेच निर्णय १६ जणांच्या स्थायी समितीत होतात, तिथल्या जागा पक्षांच्या संख्याबळानुसार मिळतात आणि दरवर्षी निम्मे सदस्य निवृत्त होतात. यादी दरवर्षी नव्याने तपासा.

## "छोट्या कारखानदाराला कोण विचारतो?"

एकट्याला फारसं कुणी नाही. म्हणून वागळे इस्टेटमध्ये टिसा ही लघुउद्योजकांची संघटना आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात टीबीआयए ही तिथल्या उद्योगांची संघटना आहे. तुकड्यांच्या सभागृहात संघटनेचं वजन आणखी वाढतं, कारण कुठल्याच पक्षाला आपण एका कारखानदाराचं काम करतोय असं दिसायला नको असतं. दोनशे सभासदांचा विषय उचलायला सगळे तयार होतात. संघटनेच्या शिष्टमंडळात पक्षांचे पदाधिकारी असलेले सभासद असतील तर सगळ्या बाजूंचे घ्या, किंवा एकही घेऊ नका. परवाने-मंजुऱ्यांची वैयक्तिक तक्रार असेल तर ती मुळात विधिमंडळाची नाहीच. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्र समिती, जिला सगळे 'झूम' म्हणतात, तिच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती घालून घ्या.

काही विषयांत मात्र सभागृह तुकड्यांचं नसतं. मराठी पाट्यांच्या २०२२ च्या दुरुस्तीला सगळ्या पक्षांचा सूर एकच होता. व्यापारी न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावा असं सांगितलं. अशा वेळी विरोधापेक्षा मुदत आणि अक्षरांचा आकार यावर बोलण्यातच शहाणपण होतं.

## "देणगी दिली की काम होतं, मग एवढा उपद्व्याप कशाला?"

देणगी आणि काम यांचा दोरा एकदा बांधला की ती लाच होते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं पाहिजे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. माणसाने कंपनीच्या फायद्यासाठी दिली तर कंपनीवरही खटला होतो, आणि "आमच्याकडे हे रोखायची पुरेशी पद्धत होती" हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची.

उघड, कायदेशीर देणगी देता येते. कंपनी किमान तीन आर्थिक वर्षं जुनी हवी, संचालक मंडळाचा ठराव हवा, रोख चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, तेव्हा अमर्याद देणगीची मुभाही गेली. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जुनी मर्यादा परत आली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवावं लागतं. सहा पक्षांच्या राज्यात हे नाव छापून आलं की उरलेले पाच ते वाचतात. लघुउद्योगाने यात न पडलेलंच बरं, असं आमचं स्पष्ट मत.

## मंत्री "हो" म्हणाले, पुढे काय?

सभागृहात मंत्र्याने "तीन महिन्यांत निर्णय घेऊ" असं म्हटलं की ते 'आश्वासन' ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. पत्रकार परिषदेत किंवा हार-तुऱ्यांच्या कार्यक्रमात म्हटलेलं या खात्यात जमा होत नाही. म्हणून लक्षवेधीला उत्तर मिळालं की कामकाजाच्या नोंदीतला तो उतारा मिळवा, तारीख लिहा, फाईलला लावा. मुदत संपली की तोच उतारा जोडून पुन्हा एक पान: आश्वासनाची तारीख, आजची तारीख, मधले महिने. आणि मध्यंतरी खातं एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलं असेल तर वरचं नाव तेवढं बदला.